आजोबांच्या तोंडावरचा शिक्का

कट्टा

ती. सत्यवानदादास,

धाकट्या रविराजचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि वहिनींचा दमा दोन्ही आटोक्यात आहेत असं कळलं, बरं वाटलं. (डोंबिवलीची हवा माणसाला मानवते की माणूस मुकाट सोसतो, हा वेगळ्या भाषणाचा विषय.) इथे आम्ही जिंकलो आहोत. कसं ते सविस्तर ऐक.

शेवंतीआत्या जन्मभर सांगत आली की तिचे वडील, म्हणजे आपले आजोबा, शिरोड्याच्या किनाऱ्यावर काढलेल्या एका मूकपटात होडी वल्हवताना दिसतात. आपण हसायचो. आजोबा गेले तेव्हा ती पाळण्यात होती आणि घरात त्यांचा एकही फोटो नाही. परवा तिच्या नातीला, किशोरीला, तो मूकपट मोबाइलवर सापडला. हक्काची मुदत कधीच संपलेला, म्हणजे सगळ्यांचा. आत्या चष्मा पुसून बसली. समुद्र पोपटी, आजोबांचे हात भोपळ्यासारखे पिवळे, मूकपटाला वरातीचा बेंजो, आणि नेमका त्यांच्या तोंडावर लाल गोल शिक्का : 'रंगधमाल चॅनेल'. होडी हलली, पण तोंड काही शिक्क्याखालून बाहेर येईना. आत्याने शांतपणे विचारलं, "ह्यो मेलो कोण बसलो माज्या बापाशीच्या तोंडार?"

मी पेटलो. चॅनेलवाल्याला सविस्तर निवेदन पाठवलं, की जुना चित्रपट ही गावची विहीर आहे, तिच्यात रंग कालवून वर स्वतःच्या नावाचं झाकण ठेवणं हा दरोडा आहे. (रोमन कायद्यापासून सुरुवात केली होती.) उत्तरादाखल एक अंगठा आला. तेव्हा मी देवळात गेलो. गावातर्फे देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान मानकरी नानांचा. मजकूर मी लिहून दिला. नानांनी रोमन कायदा कानामागे खोचला आणि भर देवळात हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ज्या कोणी ह्या म्हाताऱ्येच्या बापाशीच्या तोंडार शिक्को मारलो आसात, तेच्या मोबाइलाक रेंज गावता नये." सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." कुणीतरी ते चित्रण गावच्या ग्रुपवर टाकलं.

दुसऱ्याच सकाळी चॅनेलवाल्याचा फोन, तोही शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. (मी अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं केलेली आहेत, तेव्हा याबद्दल बोलत नाही.) दुपारपर्यंत मूळ प्रत आली : काळीपांढरी, मुकी, बिनशिक्क्याची.

तिन्हीसांजेला देवळासमोर आपल्या वाचनालयाचा पडदा लावला. आजोबांनी वल्हं मारलं आणि सरळ आत्याकडे पाहिलं. ती उठून पडद्यापाशी गेली, स्वतःचं नाक चाचपलं आणि म्हणाली, "नाक माजा तेचा. आवस उगीच माज्या मामाक बोल लावी." (आवस म्हणजे आपली आजी.) मी बोलायला उभा राहिलो होतो, तो खाली बसलो. मला असं बसलेलं गावाने प्रथमच पाहिलं.

तुझा,
रविराज

ता. क. : वहिनी पत्र मोठ्याने वाचतात म्हणून वर लिहिलं नाही. चॅनेलवाला म्हणजे तुझाच मुलगा, आपला सुशांत. पोराने स्वतःच्या पणजोबांवरच शिक्का मारला. रागावू नकोस. रेंज अजून आली नसेल तर नारळ घेऊन त्याला पाठव. नाना गाऱ्हाणं उलटं घालायला तयार आहेत.

आणखी एक : शिरोड्याचे लोक तीच प्रत 'आमचा चित्रपट' म्हणून दाखवू लागलेत. सुशांतला म्हणावं, एका कोपऱ्यात, अगदी बारीक, 'सौजन्य : कट्टा वाचनालय' असं टाक. वल्ह्याच्या बाजूला जागा आहे. खाली माझं नाव बसत असेल तर बसवावं.