खाली अक्षरं येतात काय

दारव्हा, बाजाराचा दिवस

प्रिय जीवनराव यांस,

देवीलालचा जय सेवालाल. घरी सगळे खुशाल असाल. आईचे गुडघे थंडीने धरले असतील, त्यांना म्हणावं जवसाचं तेल पाठवतो, लावून देणारा माणूस तुम्ही पाहा. आमच्याकडे तुमची बहीण, म्हणजे आमची बाई, तब्येतीने ठणठणीत आहे, मी मनाने खचलेलो आहे. कशाने, ते कळावं म्हणून आधी खर्चच मांडतो. गेल्या दीड महिन्यात आम्ही नवरा-बायकोने थेटरात तीन सिनेमे पाहिले. त्याला लागलं ते असं: तिकिटं सात (सातवं आपल्या ड्रायव्हर किसनसिंगचं, ते पुढे येईल), आमच्याच जीपमधल्या चांगल्या पुढच्या सीटा, वाळत घातलेली तूर जी उचलायची राहून दवात भिजली, आणि मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाशी कायमचं वैर. एवढ्या खर्चात तुमच्या बाईला समजलेलं वाक्य फक्त एक. तेही सिगारेटबद्दल.

बाईच्या कानांचं तुम्हाला ठाऊक आहे. ऐकू येईनासं होऊन तीन वर्षं झाली. नागपूरहून मशीन आणलं, घरात त्याचा उपयोग होतो, पण थेटरात ते घातलं की सगळंच मोठं होतं आणि समजत काहीच नाही; ती म्हणते, पिठाच्या गिरणीत बसून कीर्तन ऐकल्यासारखं वाटते. म्हणून तिने सिनेमा सोडला होता, आणि सोडला तर सोडला, तिची कुरकुर नव्हती. पण आता तुमच्या प्रेरणाचा सिनेमा येऊन राह्यला. पोरगी आठवी ते बारावी आमच्याकडे राहिली. गॅलरीत उभी राहून वक्तृत्वाची भाषणं पाठ करायची आणि बाई खाली तांदूळ निवडता निवडता तिच्या चुका काढायची. तीच पोरगी आता म्हणे त्या सिनेमात कोर्टात उभी राहून सलग बोलते, मधे कोणी अडवत नाही, आणि ती बोलून झाली की सगळं कोर्ट गप होते. संक्रांतीनंतर अख्खं दारव्हा तो सिनेमा पाहील आणि बाजारात बाईला विचारील, कसं बोलली व तुमची भाची. बाईने मला एकदाच सांगितलं: "ते काय बोलली हे मले तुमी सांगू नोका, सरपंचाच्या बायकोनं सांगू नोका. मले तिचंच पाह्यजे." घरच्या टीव्हीवर बोललेलं सगळं खाली लिहून येते, अक्षरं येतात, हे मलाही माहीत आहे, पण टीव्हीवर सिनेमा येईपर्यंत गावाचं बोलून संपलेलं असते.

तेव्हा ठरवलं, अक्षरंवालं थेटर आधीच शोधून ठेवू, म्हणजे प्रेरणाच्या वेळेस घोळ नको. सोपं काम वाटलं. त्याचं कारण माझे कान. जीवनराव, मी क्लीनर म्हणून जीपच्या मागच्या पायरीवर लटकायला लागलो तेव्हा अंगावर दुसऱ्याचा सदरा होता; आज तीन जीपा आहेत, त्या या कानांवर. गॅलरीत डोळे मिटून बसतो, वळणावर जीप गिअर बदलते, आणि मी सांगतो ही किसनसिंगची, आत अकरा माणसं. रोज अकरा. ड्रायव्हर मला चोरून सीट भरू शकत नाही, हे यवतमाळ स्टँडवर कोणालाही विचारा. तसाच माणसाचा आवाज. कोणी "हो" म्हटलं की ते पोटातलं आहे की ओठावरचं, हे मला फोनवरही कळते. असं मी समजत होतो.

पहिला सिनेमा यवतमाळला. मोबाइलवर लिहिलेलं होतं की अक्षरं आहेत. खिडकीवरच्या पोराला विचारलं, तो म्हणाला, असतील न काका. आत काहीच नव्हतं. (मोबाइलवर आहेत, खिडकीवर असतील, आत नाहीत, हे त्यानंतर कायमचंच झालं.) मग मीच बाईच्या कानाशी लागून सांगायला सुरुवात केली. हळू सांगितलं तर तिला ऐकू येईना, मोठ्याने सांगितलं तर सगळ्या थेटराला ऐकू येई. मागच्या गृहस्थाने खांद्यावर तीनदा बोट मारलं. चौथ्यांदा म्हणाला, तुमाले बोलायचंच असंल तं पडद्यावर जा. बाईचीही तक्रार होतीच: तो माणूस पाच मिनिटं हात हालवून बोलला आणि तुमी मले फक्त "नाही म्हणते" सांगता, बाकीचं काय घरी नेऊन सांगता काय. मध्यंतरातच उठलो.

दुसऱ्या वेळेस पुसदला. आधी फोनवर आणि मग खिडकीवर नीट विचारलं, खाली अक्षरं येतात काय. दोन्ही वेळेस उत्तर आलं, येतात. आवाज एकदम खरा होता, आणि अक्षरं खरोखर आली. इंग्रजीत. सिनेमा मराठी, माणसं मराठी, पाहणारे आपण, आणि अक्षरं कोणासाठी होती देव जाणे. थेटरात इंग्रजी वाचणारा एकच होता, तालुक्याचा पशुवैद्य, आणि तो झोपलेला होता. बाईने सातवीपर्यंतची शाळा आठवून पहिली दोन वाक्यं लावायचा प्रयत्न केला, तेवढ्यात तिसरं माणूस मेलं.

तिसऱ्या वेळेस शहाणा झालो. खिडकीवरच विचारलं, मराठीत येतात काय? "हो, मराठीतच." आम्ही आत गेलो. सिनेमातला तो मुख्य माणूस खिशातून सिगारेट काढी आणि खाली मराठीत लिहून येई की धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे. बाकी काही नाही. त्याने पेटवली की अक्षरं, विझवली की गेली. बाई इमानेइतबारे शेवटपर्यंत वाचत बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, त्या माणसाले अडीच घंटे एकच गोष्ट सांगून राह्यले अन् तो ऐकतच नव्हता, माह्यापेक्षा बहिरा होता.

त्यावर आम्ही दोघं जीपपर्यंत हसलो. जीपमध्ये बसल्यावर ती खिडकीकडे तोंड करून बसली ती घर येईपर्यंत.

शेवटी म्हटलं आपला माणूस पाठवू. किसनसिंगला तिकीट काढून दिलं, बजावलं की सिनेमा पाहू नको, खालची पट्टी पाह्य. आत बसून ये आणि सांग. तो रात्री डोळे पुसत आला. अक्षरं होती काय रे? म्हणाला, मालक, बापानं लेकीले माफ केलं तिथं मले काई दिसतच नव्हतं. मग मी स्वतः खिडकीवर जाऊन वाद घातला. तिथल्या माणसाने हात जोडून सांगितलं, काका, गिऱ्हाइकाले नाही कसं म्हणावं, तुमी इतक्या दुरून येता. जीवनराव, खोटं बोलणाऱ्याशी भांडता येते. मन राखायला हो म्हणणाऱ्याशी काय करावं? सगळा मुलूख माझ्याशी गोड बोलून राह्यला आणि बाईला एक वाक्य मिळून नाही राह्यलं. मी आता थकलो. विचारायला माणूस उरला नाही. असो. आईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
देवीलाल

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. प्रेरणाला म्हणावं, तुमच्या डायरेक्टरला विचार, निदान यवतमाळच्या एका खेळाला खाली मराठी अक्षरं टाकता येतील काय. बाकी सिनेमाला नाही टाकली तरी चालेल, पोरगी कोर्टात बोलते तेवढ्याला टाका. आणि तो काय म्हणतो ते जसंच्या तसं कळवा. नाही म्हणाला तर नाही लिहा. मला बरं वाटावं म्हणून हो लिहू नका.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालण्याआधी बाईने मागून घेतलं आणि चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाली, खिडकीवरचा माणूस हो म्हणतानी मोबाइलमध्ये पाहून राह्यला होता, तिन्ही ठिकाणी. आपल्या कामाची अक्षरं नसतील हे तिला तिकीट काढतानाच दिसलं होतं. मग आलीस काहून, असं मी विचारलं. तुमी इतक्या हौसेनं विचारून राह्यले होते, म्हणाली.

ता. क. तिसरा. तिचं आणखी एक म्हणणं आहे की किसनसिंगच्या जीपमध्ये अकरा नसतात, दोघं वर टपावर असतात, रोज, आणि ती गॅलरीतून रोज पाहते. आज डोळे उघडे ठेवून बसलो. तेरा होते.