शेपटीकडचं वजन

मी, ऊना मे ट्रेन्गोव, लॉइड ट्रेन्गोव यांची पत्नी (विधवा म्हणवून घ्यायला माझी हरकत आहे, कारण पुढे येईल), वय वर्षे शहात्तर, राहणार मूनटा बे, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हा लेख माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने बाहेर यावं. मी गाडीला कॅरॅव्हॅन, म्हणजे मागून ओढायचं चाकांवरचं घर, जोडते आणि उलटी घेत घेत शेड नि कुंपण यांच्या मधोमध लावून दाखवते. डोकं फिरलेल्याला ते जमत नाही. माझा दीर क्लॅरी याला तर शाबूत डोक्यानेही आजवर जमलेलं नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, कोणी कानाशी लागलेलं नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळं लॉइडला दिलं होतं, ते आता रद्द समजावं.

एक. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेत जे काही उरलं असेल ते माझी एकुलती एक मुलगी नरेल हिला. ती पश्चिमेला, एस्परन्सला राहते. घर ठेव, विक, मला काही म्हणायचं नाही. फक्त मागच्या दाराची कडी वर उचलून लावावी लागते, हे घेणाऱ्याला आधी सांग. ही सगळी व्यवस्थाही नरेलनेच पाहावी.

दोन. लॉइडची पितळी पट्टीची पाणसळ क्लॅरीला. आमच्या कॅरॅव्हॅन क्लबात ही पाणसळ सगळे मागून न्यायचे, कारण कॅरॅव्हॅन सपाट उभी नसेल तर रात्रभर माणूस पलंगावरून घरंगळतो. क्लॅरीने ती एकदा नेली ती चार उन्हाळे परत दिली नाही. शेवटी लॉइड स्वतः जाऊन घेऊन आला. आता कायमची घे बाबा, आणि तुझी कॅरॅव्हॅन एकदा तरी सरळ उभी कर.

क्लॅरीबद्दल आणखी एक लिहायचं राहिलं होतं, ते इथेच लिहून टाकते. आम्ही ही मधल्या आकाराची एसयूव्ही घेतली त्या दिवशी तो क्लबच्या आवारात सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे लॉइड, ही गाडी आहे का केस वाळवायचं यंत्र? हिच्या मागे कॅरॅव्हॅन लावणार? अरे, चढावर कॅरॅव्हॅनच हिला मागे ओढत नेईल!" सगळे खो खो हसले. लॉइड फक्त म्हणाला, "सामान कमी घेऊ." बस्स, एवढंच. आणि घेतलंही कमी. माझं ओतीव लोखंडाचं भांडं त्याने दर सहलीला खाली उतरवलं आणि मी दर सहलीला पुन्हा चढवलं. "उने, जड वस्तू चाकांच्या बरोबर वर ठेवायची. शेपटीकडे काही म्हणजे काही नको. शेपटीला वजन झालं की शेपूट गाडी चालवायला लागतं," हे त्याचं पालुपद. मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

तीन. ते लोखंडी भांडं नरेलला. तू चाकांवर ठेवशील याची खात्री आहे.

चार. दोन घडीच्या खुर्च्या. माझी क्लबला द्यावी. लॉइडची कोणालाही देऊ नये, ती कॅरॅव्हॅनमध्येच राहील.

पाच. आता मुख्य कलम. गाडी आणि कॅरॅव्हॅन. यासाठीच हा सगळा खटाटोप चालला आहे, म्हणून नरेल, हे बसून वाच.

तुला आठवत असेल, आम्ही तुझ्याकडे यायला निघालो त्याच्या आदल्या रविवारी तू फोनवर बाबाला म्हणालीस, "बाबा, त्या खेळण्याच्या मागे कॅरॅव्हॅन बांधून तू आईला मारणार आहेस. ती गाडी माझ्या अंगणात आणायची नाही, सांगून ठेवते. मोठी गाडी घे, मग ये." तू काळजीपोटी बोललीस, मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक होतं. पण त्याने फोन ठेवला आणि बराच वेळ गाडीच्या मागच्या, कॅरॅव्हॅन अडकवायच्या लोखंडी गोळ्याला ग्रीस लावत बसला. गोळ्याला आधीच ग्रीस होतं.

तुला जे कोणी सांगितलं नाही ते आता सांगते. मोठ्या गाडीत मला चढता येत नव्हतं. माझं कंबरडं तुला माहीत आहे. दुकानात त्याने मला मोठ्या गाडीत बसवून पाहिलं, तर माझा पाय पायरीलाच पुरेना आणि विक्रेता गालातल्या गालात हसला. लॉइड मला बाहेर घेऊन आला आणि म्हणाला, "मला काही झालं तर तुला एकटीला चालवता यायला हवी. बाकी जग हसू दे." म्हणून ही गाडी. तो भित्रा नव्हता आणि हट्टीही नव्हता. लोकांचं हसू त्याने माझ्यासाठी सोसलं.

आणि तसंच झालं. तुझ्याकडे येताना नलरबोरच्या माळावरच्या सरळसोट रस्त्यावर, समुद्राच्या कड्यांजवळच्या थांब्यावर आम्ही दुपारच्या चहाला थांबलो. "जरा पाठ टेकतो," म्हणून तो मागच्या पलंगावर डावीकडे आडवा झाला. मी खिम्याची पेस्टी गरम केली, हाक मारली, पुन्हा मारली. तो गेलेला होता.

फोनला रेंज नाही. ऊन असं की कॅरॅव्हॅनच्या पत्र्याला हात लावता येईना. एक लांबलचक ट्रक थांबला, त्याचा ड्रायव्हर केल डन्स्टन. तो म्हणाला, "काकू, तुम्ही इथेच बसा. मी पुढच्या पेट्रोल पंपावरून फोन करतो."

"आणि तोवर याला या उन्हात ठेवू? मी याला मागच्या गावाला, सेदुनाला परत नेते," मी म्हटलं. "तू फक्त मला याला उचलू लाग."

"उचलायचं कशाला? झोपलाय तसाच झोपू दे की."

"शेपटीकडे एवढं वजन ठेवून मी गाडी हाकणार नाही. मला यानेच शिकवलंय."

केलने टोपी काढली, आणि आम्ही दोघांनी लॉइडला गादीसकट ओढून मधल्या जागेत, चाकांच्या बरोबर वर, जमिनीवर निजवलं. मोठी गाडी असती तर मी त्याला तिथून हलवू शकले नसते, नरेल. मी चढूच शकले नसते. सेदुनाला पोलीस म्हणाला, "काकू, चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायला बंदी आहे." मी म्हटलं, "तो बसलेला नव्हता." त्याने वही मिटली आणि मला पाणी आणून दिलं.

मूनटाच्या दफनभूमीत दगडावर लॉइडचं नाव आहे. दगडाला काय कळतंय! लॉइड कॅरॅव्हॅनमध्ये आहे.

हे लिहिल्यावर माझ्या शुद्धीबद्दल लोक बोलतील, म्हणून नीट सांगते. लांब ट्रक कॅरॅव्हॅनला ओलांडून जातो तेव्हा त्याचं शेपूट आपल्या पुढे निघालं की नाही, हे त्या ड्रायव्हरला दिसत नाही. ते आपण गाडीतल्या बोलायच्या रेडिओवर सांगायचं असतं, अशी रीत आहे. बाकी सगळे म्हणतात, "निघालास, ये आत." मी चालवत असले की रेडिओ लॉइडकडे. तो म्हणायचा, "निघालास गड्या, ये घरात." सगळ्यांना, ओळख ना पाळख. मी थट्टा करायची, "कुठलं घर रे? उघड्या माळावर घर?" तो म्हणायचा, "बिचारा आठवडाभर घरापासून लांब असतो. त्याला बरं वाटतं ऐकायला."

तो गेल्यावर मी एकटीच कॅरॅव्हॅन घेऊन निघाले. पहिल्याच ट्रकने मला ओलांडलं. मी रेडिओकडे हात नेला, तोवर ड्रायव्हरचा आवाज आला: "थँक्यू काकू, आणि काकांनाही सांगा. घरात ये म्हणाले, फार गोड वाटलं."

मी रस्त्याच्या कडेला थांबले. वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण पुढच्या सहलीतही तेच, त्याच्या पुढच्या सहलीतही तेच. केलने ट्रक सोडला आणि इथे मूनटाला राहायला आला, तेव्हा मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काकू, त्या दिवशी तुम्ही पुढे आणि मी तुमच्या मागे होतो. सेदुनाच्या अलीकडे मी तुम्हाला ओलांडलं, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. बोलला तो पुरुषाचा आवाज होता. इतकी वर्षं तुम्हाला सांगायची छाती झाली नाही."

मी पलंगावरची चादर ताणून घालते, आणि थांब्यावर दार उघडते तर डाव्या बाजूला खळगा पडलेला असतो. गोळ्यावर पडायला हवा तेवढा भार पडत नाही, कॅरॅव्हॅनचं नाक हलकं लागतं, म्हणजे शेपटीकडे कोणीतरी आहे. मला भीती वाटते का? वाटते. पण त्याहून मोठी भीती ही, की एखाद्या दिवशी चादर सपाट सापडेल.

आणि मला मात्र तो एकदाही ऐकू आलेला नाही. रस्त्यावरच्या परक्या माणसांना ऐकू येतो, मला नाही. एवढी वर्षं शेजारी बसून ऐकलेला आवाज, आणि आता त्याची बातमी दुसऱ्याकडून घ्यायची! हे मला फार लागतं.

क्लॅरीच्या मोठ्या गाडीला हीच कॅरॅव्हॅन जोडून पाहिली. ट्रक आले नि गेले, कोणी काकांचं नाव काढलं नाही, चादर जशीच्या तशी. आपल्या गाडीला जोडली की तो परत. म्हणून लिहिते: गाडी आणि कॅरॅव्हॅन यांची ताटातूट कोणीही, कधीही करू नये.

गेल्या वर्षी मी हिंमत केली. म्हटलं, याला नरेलकडे पोचवायचंच. कड्यांजवळच्या त्या थांब्याच्या पुढे गेले. ट्रक आला, मी तोंड मिटून वाट बघत बसले. रेडिओवर ड्रायव्हर वैतागला: "ओ कॅरॅव्हॅन, झोपलात का? निघालो की नाही ते सांगा ना!" लॉइड नव्हता. थांब्यावरच उतरून राहिला होता. मी वेड्यासारखी रडत गाडी फिरवली, आणि थांबा मागे पडला तसं नाक पुन्हा हलकं झालं. पुढचा ट्रकवाला म्हणाला, "काकांना थँक्यू."

तेव्हा मला उमगलं. सगळ्या जगाला घरात ये म्हणणारा माणूस, पण बोलावल्याशिवाय कोणाच्या अंगणात पाय टाकायचा नाही. तुझं शेवटचं बोलणं त्याने खरं मानलंय, पोरी. तो रागावलेला नाही. तो वाट बघतोय.

म्हणून गाडी आणि कॅरॅव्हॅन नरेलला, पुढील अटींवर.

तू इथे यावंस आणि हीच गाडी, हीच कॅरॅव्हॅन स्वतः चालवत एस्परन्सला न्यावीस. तुझी मोठी गाडी आणू नयेस. माझं दहन व्हावं आणि राख बिस्किटांच्या डब्यात भरून चाकांच्या वरच्या कपाटात ठेवावी. मी स्वतः मात्र त्या कपाटात थांबेन असं वाटत नाही. पलंगाची उजवी बाजू माझी आहे. म्हणजे शेपटीकडे आता दोघं होऊ. ही गाडी लहान आहे, तिला सोसेल तेवढंच द्यायचं, म्हणून मागची पाण्याची टाकी रिकामी ठेव, मागच्या कप्प्यात काही भरू नकोस, आणि सावकाश हाक. शेपूट हलायला लागलं तर गाडीचा ब्रेक दाबू नकोस. हातापाशी कॅरॅव्हॅनच्या ब्रेकचा खटका आहे, तोच हळू दाब, आणि आम्हाला ओरड. आम्ही चाकांवर सरकू.

कड्यांजवळच्या थांब्यावर उतर. चहा कर. बाबाची खुर्ची मांड. मग निघताना रेडिओ हातात घे आणि म्हण, "निघालास बाबा, ये घरात." लाज बाळगू नकोस. ट्रकवाले ऐकतील, ऐकू देत.

हे तुला जमणार नसेल तर कॅरॅव्हॅन क्लॅरीला जाईल. तो तिच्यात कोंबड्या ठेवणार आहे, मला तोंडावर म्हणालाय. तुझा बाप कोंबड्यांत राहावा असं तुला वाटत असेल तर खुशाल राहू दे. हे मी रागाने लिहीत नाही. थोडं रागाने लिहिते आहे.

थांबा मागे टाकलास की जो पहिला ट्रक तुला ओलांडेल, त्याच्या वेळी रेडिओला हात लावू नकोस. गप्प बस, कितीही वाटलं तरी. तो ड्रायव्हर वैतागला तर तूच त्याला सांग की निघालास, आणि पुढच्या ट्रकची वाट बघ. पण त्याने थँक्यू म्हटलं, तर त्याला माझ्यासाठी एवढंच विचार: आवाज किती जणांचे होते?

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि मी गेल्यावर तसंच वागावं. साक्षीदारांना या लेखातून काहीही मिळणार नाही. क्लॅरीला पाणसळ मिळते, म्हणून त्याला साक्षीला बोलावलेलं नाही. तो रुसला आहे.

ठिकाण: मूनटा बे
दिनांक: ९ मार्च २०२४

(सही) ऊना मे ट्रेन्गोव

साक्षीदार पहिली: इल्स नोआक, पोस्ट ऑफिस, मूनटा. ऊनाने माझ्यासमोर सही केली. मी डोळे पुसत होते, पण सही पाहिली.

साक्षीदार दुसरा: केल डन्स्टन, निवृत्त ट्रक ड्रायव्हर, मूनटा बे. सही माझ्यासमोर झाली. कायद्याला इथे एवढंच हवं आहे, ते मी लिहिलं. बाकी, नरेल, तुझ्या बाबांचा आवाज मी ऐकला आहे. त्यात राग नव्हता.