बसव्वाची पाठ

शाहूपुरी, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २००३

चि. दानेश्वरीस,

प्रेमाचा सलाम आणि बाळाला खूप खूप पापे.

बाळंतपण सुखरूप झालं, दूध भरपूर आहे, सासूबाई वेळेवर शेक देतात, हे सगळं वाचून बरं वाटलं. बाळाचं नाक तुझ्यावर गेलंय म्हणतेस, म्हणजे ते तुझ्या आईचं, बसव्वाचंच नाक. मग पोरगं हट्टी निघणार, आत्तापासून सवय ठेव. दोन झबली शिवून ठेवली आहेत. चिकोडीकडं कुणी येणारं असलं की पाठवते. थंडी पडायला लागली आहे, कान बांधत जा. बाळंतिणीनं ओल्या फरशीवर चालू नये, हे मी कबनूरच्या निम्म्या बायकांना सांगितलंय आणि एकीनंही ऐकलेलं नाही.

आमचे सर बरे आहेत. म्हणजे जेवतात, झोपतात.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. पत्र लिहायला मला कधी वेळ लागत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू एकच गोष्ट विचारलीस, "टीचर, अव्वाला आडवी केली ना? शिवकुमार फोनवर नीट सांगत नाही. पण तुम्ही दोघं होता, म्हणून मला काळजी नाही." हे शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतंस, दाने.

आधी ती कशी गेली ते सांगते. ताप छातीत उतरला होता. सरांनी रिक्षा करून तिला इचलकरंजीच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, दोन दिवस बरी होती. मला म्हणाली, "टीचर, दानीला कळवू नगा, वली बाळंतीण हाय ती, पळत यील." चहा मागितला, त्यात साखर कमी म्हणून नर्सला बोलली. पहाटे गेली. त्रास झाला नाही. हे मी तुझं समाधान करायला लिहीत नाही, खरंच झाला नाही.

तुला आठवत नसेल, तू तेव्हा पाटीवर बाराखडी गिरवत होतीस. आम्ही रविवारी दुपारच्या एस.टी.नं कबनूरला यायचो. सर कंपाउंडर माणूस. आधी जखमा धुवायच्या, बी.पी. बघायचं, मग मी पोरांचा अभ्यास घ्यायचा आणि शेवटी गीत आणि प्रार्थना. मागाच्या खडखडाटात आमचं गीत आम्हालाच ऐकू यायचं नाही. बाया मलम घेऊन प्रार्थनेआधी निघून जायच्या. बसव्वा मात्र थांबायची. सर घरी येऊन म्हणाले, "प्रमिला, एक बाई शेवटपर्यंत बसली." मी पुढच्या रविवारी तिला विचारलं. म्हणाली, "बसल्यावर उठाय येत न्हाय की वो लगीच. तवर तुमचं गाणं सपतंय."

मी किती हसले होते! सरांना ते आवडलं नाही.

पण ती येत राहिली. गीतंही शिकली, चाल सगळी तिची स्वतःची. कुणाच्या घरी आजारी माणूस असलं की तीच आम्हाला घेऊन जायची आणि दारातनंच ओरडायची, "आमची येशूची मान्सं आल्यात, आवाज बंद करा." गळ्यात लिंगायताचं लिंग तसंच. सरांच्या इतक्या वर्षांच्या सेवेचं फळ काय विचारलं तर ती एकटी, आणि तीही धड आमची नव्हे.

मग माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा ती कोल्हापूरला मातीला आली. पेटीत सासूबाईंना निजवलं होतं, डोक्याखाली उशी. ती पेटीची कड धरून उभी राहिली आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली, "उशीबी देत्यात व्हय?" आम्ही तिला स्टँडवर पोचवायला गेलो, तेव्हा तिनं माझा हात धरला. "टीचर, जल्मभर बसून मागाच्या कांड्या भरल्या. पाठीचं पार लाकूड झालंय. आमच्यात मेल्यावर बी बसवूनच पुरत्यात. मला मातुर आडवी करा. एवढं बगा तुम्ही." तुलाही तिनं हे सांगितलं होतं, तुझ्या पत्रावरून दिसतं. पोटच्या पोराला, शिवकुमारला, सांगायचा तिला धीर झाला नाही. म्हणून तर आम्हाला सांगितलं.

सरांनी ते ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बसव्वाला आमच्यात येऊन माती हवी आहे, म्हणजे तिला प्रभू हवा आहे, असं त्यांनी धरलं. चर्चमध्ये मंडळीपुढं उभं राहून तशी साक्षही दिली. मी घरी म्हटलं, "अहो, तिला उशी पाहिजे."

पाळकसाहेब म्हणाले, बाप्तिस्मा देऊ, पण गळ्यातलं काढावं लागेल. बसव्वा म्हणाली, "माज्या आईनं बांदलंय ते. ऱ्हाऊ दे की, कुणाचं काय खातंय?" मग पुढच्या ईस्टरला बघू, मग नाताळला बघू, असं होत गेलं. सर तिला समजवायचे, ती मान डोलवायची आणि लिंग पदराखाली सारायची.

आता त्या दिवसाचं. आम्ही पोचलो तेव्हा तुमच्या दारात माणसं जमली होती. मठातले अय्या आले होते, बेलपत्र, विभूती, सगळं तयार होतं. अप्पा भिंतीशी बसले होते. शिवकुमार उठून सरांसमोर आला. चांगलं बोलला गं तो, आवाज चढवला नाही. "सर, तुम्ही कदी खोटं बोलत न्हाई. अव्वा तुमच्यात आलती का?"

सर म्हणाले, "तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता."

शिवकुमार तरी उभाच राहिला. आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून तो थांबला होता, हे मला आता पक्कं वाटतं. सर मान खाली घालून उभे. त्यांच्या डोक्यात बसव्वाचा आत्मा होता, तारण होतं, आपण कुठं कमी पडलो ते होतं. मी आत बायकांत होते, माझा हात तिच्या पाठीवर होता. एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, तुमच्याच भूमीत ठेवा, तुमच्याच अय्यांच्या हातानं ठेवा, लिंग हातात द्या, फक्त तिला आडवी करा, तिनं तसं मागितलंय. सांगितलं असतं तर तुझा भाऊ कदाचित नाही म्हणाला नसता. पण त्या महिन्यात गावात आमच्याबद्दल बरंच बोललं जात होतं, ही माणसं औषधाच्या नावावर धर्म वाढवतात म्हणून. मला वाटलं, मी बोलले तर म्हणतील, बघा, मढ्यावरही हक्क सांगायला आल्या. मी भ्याले, दाने. दुसरं काही कारण नाही.

नाही, तिला आडवी केली नाही. बसवलं.

तिची हेळसांड झाली असं मात्र समजू नकोस. नवं लुगडं नेसवलं, कपाळभर विभूती, हारांनी मढवली होती. पाठ सरळ होईना, म्हणून शिवकुमारनं स्वतःच्या हातानं मागून कापड बांधून तिला सावरलं आणि तसं करताना तो लहान पोरासारखा रडत होता. त्याच्यावर रागावू नकोस. त्यानं आईसाठी जे चांगलं ठाऊक होतं ते केलं. ठाऊक आम्हाला होतं.

तेव्हापासून सर कबनूरला गेलेले नाहीत. औषधांची पिशवी कॉटखाली आहे. मी एकदा म्हटलं, बायका वाट बघत असतील, निदान बी.पी. तरी बघून या. म्हणाले, "जाऊन त्यांना सांगू काय?" जेवणाआधीची प्रार्थना आता पुटपुटतात, शब्द कळत नाहीत. मला त्यांचा राग येतो, माझा त्याहून जास्त येतो, आणि आमच्या घरात आता या रागाशिवाय काही उरलेलं नाही असं वाटतं.

गेल्या गुरुवारी तुझे अप्पा आले. आमच्या घरी पहिल्यांदाच. पत्ता विचारत विचारत स्टँडवरून चालत आले. खुर्चीवर बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "सर, ती सपनात येती. पाठ दुखती म्हनती. मला बी म्हाईत हुतं तिचं. मी बी गप्प बसलो, आता कुणाला सांगू? तुमच्या द्येवाला सांगा की, तिला आडवी कर म्हनून."

सर उभे राहिले. हात जोडले, डोळे मिटले. अप्पांनीही मिटले. मीही मिटले आणि वाट बघत राहिले. कुणाची सायकल पंक्चर झाली तरी प्रार्थना करणारा हा माणूस, त्याच्या तोंडून एक शब्द फुटेना. मला वाटलं आपण करावी, पण मलाही पहिला शब्द सापडेना. बाहेर भाजीवाला ओरडून गेला तरी आम्ही तिघं तसेच उभे.

शेवटी अप्पांनी डोळे उघडले. हळूच विचारलं, "झालं का, सर?"

सर म्हणाले, "झालं."

अप्पांनी टोपी घातली. चेहरा हलका झाला होता गं त्यांचा. "आता पडंल ती निवांत," म्हणाले आणि सावकाश पायऱ्या उतरून गेले.

अप्पांना यातलं काही कळू देऊ नकोस. आणि जमलं तर तू तिच्यासाठी प्रार्थना कर, तुझ्या देवाजवळ कर, कुणाजवळही कर. या घरात ती प्रार्थना अजून व्हायची आहे.

तुझ्या अव्वासाठी तोंड न उघडलेली,
प्रमिला टीचर