पाचवं शील

भवानी पेठ, सोलापूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. रत्नदीप यास मीनाआत्याचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रात मोबाईल काढून घेतात हे एक बरं झालं. मला पत्र लिहायची सवय आहे आणि तुला मध्येच फोन कापायची सोय नाही. आता मुकाट्याने वाच.

तुझा लाडका हिरो निहार सरंजामे गेला. मुंबईत हॉटेलच्या खोलीत सापडला, नशा जास्त झाली म्हणे. ज्याच्यासारखे केस ठेवायला तू पेठेतल्या न्हाव्याला छळलंस, तोच हा. आपल्या चौकात त्याचा एवढा मोठा फ्लेक्स लागलाय की दवाखान्याची पाटी झाकली गेली. खाली तुझ्या सगळ्या दोस्तांचे हात जोडलेले फोटो. ज्यांनी सख्खी आजी गेली तेव्हा जलदानविधीला तोंड दाखवलं नाही, त्यांनी सरंजामेसाठी मेणबत्त्या लावल्या आणि त्या विझायच्या आत फ्लेक्सच्या मागे जाऊन बाटली उघडली. कसला मेला शोक!

टीव्हीवर एक डॉक्टर सांगत होते की व्यसन हा आजार आहे, माणसाला दोष देऊ नका. मला हसू आलं. अरे, मला मधुमेह आहे. तो काय मी दुकानात जाऊन, इकडेतिकडे बघून, खिशात लपवून आणला? हिवताप होऊ देणार नाही असं शील कुणी घेतं का? बुद्धांनी पाच शीलं सांगितली, त्यातलं पाचवं नशेचं. जे आपल्या हातात असतं त्याचंच शील घेतात. आजार असता तर औषध सांगितलं असतं. एवढी साधी गोष्ट त्या शहाण्यांना कळत नाही आणि त्यांना बोलवायला टीव्हीवाल्यांची गाडी जाते.

संघप्रियाचं लग्न ठरलं. मुलगा करकंबचा, प्रदीप नाव, पाटबंधारे खात्यात आहे. सत्तावीस एप्रिलला लग्न. तुझी बहीण रोज विचारते, दादा येणार का? पालकाने स्वतः येऊन नेलं तरच सुट्टी, असा तुमचा नियम मला कळला. आईबापामागे पालक मीच, तेव्हा स्पष्ट लिहिते, मी येणार नाही. बाप गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला तू गोळ्या खाऊन खिरीच्या पातेल्यात पडलास, ते मी विसरलेले नाही. पेठही विसरलेली नाही.

आणि रिकामा आहेस तर शीलं नीट पाठ कर. वर्षभर पौर्णिमेच्या वंदनेत चार शीलं म्हणून पाचव्याला तुझी गाडी अडायची. वंदना मी देणार आणि भाचाच माझा अडखळणार, शोभतं का?

कळावे. शिव्या कमी पडल्या तर कळव, माया आहे तेवढीच आहे.

तुझी
मीनाआत्या

---

मंद्रूप
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास रत्नदीपचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र इथल्या सरांनी आधी वाचलं. नियमच आहे तसा. वाचून म्हणाले, आत्यांना इथं नोकरीला ठेवू, निम्मे पेशंट भीतीनेच बरे होतील.

सरंजामेची बातमी आम्ही हॉलमध्ये बघितली. माझ्या शेजारच्या खाटेवर जोतीराम म्हणून एक ट्रकवाले आहेत. ते त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले की त्याला काय कमी हुतं, निवडायला सगळी दुनिया हुती, मग ह्येच कशाला निवडंल कोण. ह्याचं उत्तर तुला येईल, पण ते तू रागाने देशील.

मी निर्दोष आहे असं म्हणत नाही. कारखान्यात यंत्रमागावर खांदा निखळला तेव्हा पहिली गोळी डॉक्टरांनी दिली. पुढच्या वर्षीच्या गोळ्या मी चोरून आणल्या. मधे कुठल्या दिवशी हातातलं हातात राहिलं नाही, ते मलाच सांगता येत नाही. आपल्या गल्लीतला सिद्धराम शिंदीच्या दुकानामागे मरून पडला, त्याचा फ्लेक्स लागला नाही, त्याच्यासाठी टीव्हीवर डॉक्टरही आले नाहीत. तू म्हणालीस की घाण गेली. आत्या, मला फ्लेक्स नको, पण सिद्धरामही व्हायचं नाही.

आता राहिलं शीलाचं. पाचवं शील मला पाठ आहे, शाळेत जायच्या आधीपासून आहे. तूच मांडीवर घेऊन शिकवलंस. मी अडखळत नव्हतो, गप्प राहत होतो. चौथ्या शीलात खोटं बोलणार नाही म्हणायचं आणि लगेच पाचवं म्हणायचं, खिशात गोळ्यांची पट्टी असताना? मूर्तीसमोर तेवढं जमलं नाही. वाटायचं, आज तरी तू विचारशील की का गप्प बसलास. तू वही दिलीस आणि पाचवं शील वहीभर लिहून आण म्हणालीस. मी लिहून आणलं. अक्षर सुधारलंय म्हणालीस.

लग्नाला ने एवढंच मागतो. मांडवात मागे उभा राहीन.

लोभ नसेल तर राग तरी असाच राहू दे.

तुझा
रत्नदीप

---

भवानी पेठ, सोलापूर
२ मार्च २०२५

चि. रत्नदीप यास आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कामं होती असं लिहिणार होते, पण नव्हती.

गप्प बसून का कुणाला काही कळतं? मी मास्तरीण आहे, मनकवडी नाही. आयुष्यभर वर्गात जो गप्प बसला त्याला उत्तर येत नाही असंच मी धरत आले, आणि बहुतेक वेळा ते खरंच होतं. तुला तोंड दिलंय कशाला? गोळ्या गिळायला?

तुझी ती वही काढून पाहिली. अक्षर खरंच चांगलं आहे. मला त्याचा फार राग आला.

लग्नाच्या आदल्या दिवशी, सव्वीस एप्रिलला, सकाळच्या एसटीने न्यायला येते. सरांना सांगून ठेव. केस कापून घे, त्या मेलेल्याची नक्कल मांडवात नको. आणि आजाराबिजाराचं माझ्यासमोर काढू नकोस, माझं मत बदललेलं नाही.

कळावे. रागावलेली आहे, तरी तुझीच
मीनाआत्या

---

मंद्रूप
१४ एप्रिल २०२५

ती. आत्यास सविनय जयभीम, आणि जयंतीच्या शुभेच्छा. वि. वि.

आत्या, न्यायला येऊ नकोस.

काल दोस्तमंडळी इथं भेटायला आली होती, तीच फ्लेक्सवाली. म्हणाले, लग्नाला ये की, तुझ्यासाठी लई जोरात सोय केलीय. एकाने खिशावर हात मारून दाखवला. खिशात काय आहे ते मला सांगावं लागलं नाही. तोंडाला पाणी सुटलं, आत्या. बहिणीच्या लग्नाचं बोलणं चाललेलं आणि मी त्याच्या खिशाकडे बघत होतो.

माझ्यावर माझा भरवसा नाही. संघप्रियाच्या मांडवात मला पातेल्यात पडायचं नाही. तू म्हणतेस ना, जे हातात असतं त्याचंच शील घेतात? माझ्या हातात सध्या एवढंच आहे, न येणं. ते मी निवडलंय. रात्रभर रडलो, पण निवडलंय.

तिला सांग, दादाला सुट्टी मिळाली नाही. नाही, खोटं नको. खरं सांग.

तुझा
रत्नदीप

---

भवानी पेठ, सोलापूर
१ मे २०२५

चि. रत्नदीप यास मीनाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लग्न पार पडलं. प्रदीप भला वाटतो, जेवताना पहिला घास तुझ्या बहिणीच्या ताटात वाढून मग जेवला. तिला मी खरं सांगितलं. ती मेंदीचे हात तसेच धरून रडली आणि मग म्हणाली की दादा पहिल्यांदा शहाण्यासारखा वागला. मला ते पटलं, पण तिला सांगितलं नाही.

तुझे दोस्त आले होते. बँडसमोर लोळेपर्यंत नाचले. सरंजामेचा शोक संपलाय बरं का, त्याच्या जागी आता आमदाराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, हात जोडलेले फोटो तेच. सरंजामेचा फ्लेक्स आचाऱ्याने उलटा करून चुलीला आडोसा लावला होता. एवढ्या मोठ्या नटाची पेठेने अखेर काय किंमत केली ती बघ. तुझीही तेवढीच केली असती.

वंदना मीच दिली. अख्खा मांडव उठून उभा होता. चार शीलं झाली आणि पाचव्याला मी थांबले. आठवत नव्हतं असं नाही. त्या ठिकाणी तुझा आवाज बंद व्हायचा आणि मी डोळे वटारायची, तसे वटारून मी तू उभा राहायचास त्या बाजूला बघितलं. तिथे वाजंत्र्याची पेटी ठेवली होती. करकंबच्या विहीण केराबाई पुढे सरकून मला कानात शील सांगू लागल्या, मला! मागे कुजबूज झाली की मास्तरीणबाई म्हाताऱ्या झाल्या, विसरायला लागल्या. कुणी विचारलं नाही, बाई, का थांबलात? गप्प राहिलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, एवढं मला या वयात कळलं.

आजार की निवड ते मला अजून समजलेलं नाही. त्या टीव्हीवरच्या डॉक्टरला मी अजूनही मूर्खच समजते. तू आजारी असशील तर बरा हो, बिघडला असशील तर सुधर. शब्द तुला हवा तो घे, पण घरी ये.

बुद्धपौर्णिमेला मी केंद्रावर येते. सरांना विचारलंय, वंदना तिथेच घेऊ. जोतीरामांनाही बसव. खीर आणते, पातेल्यापासून लांब बस. चार शीलं माझ्यामागे मोठ्याने म्हण. पाचवं म्हणवलं तर म्हण. नाही म्हणवलं तर खोटं म्हणू नकोस, गप्प राहा. मी पुढे जाणार नाही, तुझ्यासाठी थांबेन.

तुझी वाट पाहणारी
मीनाआत्या