दर सोळा पानांनी

फ्रीगंज, उज्जैन
ता. ८ फेब्रुवारी १९९८

चि. सुहास,

सुलूआत्याचे आशीर्वाद, दरवेळचेच, पण पार्सल जड आलं म्हणून या खेपेला मूठभर जास्त. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, ते आता माझ्याबरोबरच गप्प होतील. दादाचा दमा कसा आहे ते कळव.

तुझा टेपरेकॉर्डर आणि सात कॅसेटी पोचल्या. पत्र शेजारच्या पल्लवीनं वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा टॉवर चौकात दुरुस्तीला दिलाय. या पत्रात ओळी वाकड्या आल्या तर पेनाला नावं ठेव, मला नको.

तू लिहितोस की तुमची कंपनी आता ‘बोलकी पुस्तकं’ काढते, आणि घरी बसलेल्यांनी कुठली ऐकावी, नोकरीवाल्यांनी कुठली, याची यादी छापायचीय, तर आत्या, तू शिफारस कर. अरे, यजमान गेले तेव्हा माझ्याजवळ तिसरी इयत्ता आणि तीन वर्षांची पोर होती. सुई-दोरा आणि खळ घेऊन बसले आणि तीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीची पुस्तकं बांधली. पुस्तकाला पाठ असते, पोट असतं, वास असतो. तुमच्या या डबीला काय आहे? हातभर फीत, तीही कालच मशीननं गिळली. बोटानं ओढून काढली आणि पेन्सिलीनं गुंडाळली. पण विचारलंस तर सांगते.

रहस्यकथा आधी. ‘किल्ली कुणाकडे?’ यात खून माळ्यानं केला हे मला पाचव्या मिनिटाला कळलं, कारण त्या बंगल्यात त्याच्याशिवाय कुणाला कामच नाही. दार उघडलं की करकरतं, मिटलं की करकरतं. एवढे श्रीमंत लोक, बिजागरीला थेंबभर तेल मिळू नये? आणि वाचणारे गृहस्थ! ‘चहा घेणार?’ एवढंच विचारायचं असतं, तर अशा आवाजात विचारतात की कपात विष कालवलंय हे बहिऱ्यालाही समजावं. ‘तेरावा मजला’ त्याहून वरताण. त्यात एक बाई दर दहा मिनिटांनी किंचाळते. पहिल्या किंचाळीला पल्लवीचा नवरा रमेश चपला न घालता धावत आला. दुसरीलाही आला. तिसरीपासून त्यानं येणं सोडलं, म्हणजे उद्या मी खरंच पडले तर आनंदच आहे. तिसरी रहस्यकथा मी ऐकता ऐकता झोपले. तुझ्या यादीत असं लिही: ‘दुपारी डोळा लागत नसल्यास उत्तम.’

आता नोकरीवाल्यांसाठी. ‘खुर्ची तुमची वाट पाहते’ आणि ‘सोमवारचा सिंह’. दोन्हींत एकच माणूस ओरडतो. सकाळी उठून आरशात बघा आणि म्हणा, मी सिंह आहे. अरे, सकाळी उठून आरशात बघितलं तर माणूस म्हणून ओळख पटली तरी पुष्कळ. साहेबाला रोज हसून भेटा म्हणे, त्याचा हात घट्ट दाबा, चांगलं वाक्य बोला. हे मी हसण्यावारी नेलं, पण रमेशनं कॅसेट मागून नेली. त्याच्या बँकेत कम्प्यूटर येताहेत, कुणाला ठेवणार, कुणाला घरी बसवणार, या काळजीनं त्याचं वजन उतरलंय. तीन दिवस ऐकली. चौथ्या दिवशी साहेब रजेवरून आले. रमेश दारातच हसला, हात दाबला आणि म्हणाला, “सर, आज का दिन आपका है।” साहेब वडिलांचे दिवस उरकून आले होते. डोक्यावर टोपी होती, म्हणून मुंडण याला दिसलं नाही.

सिंह आठ दिवस मान खाली घालून बसला होता. ही कॅसेट लिहिणाऱ्याला एकदा आमच्याकडे पाठव. मी त्याला घट्ट हात दाबून भेटेन.

सहावी योगासनांची. आवाज ऐकून आसन करायचं, म्हणजे कुठला पाय कुठे ते कळेपर्यंत दुसऱ्या आसनाची वेळ होते. फेकून द्यायच्या लायकीची.

बाकी ठीक. वहिनीला नमस्कार.

यादीत नाव घातलंस तर ‘आत्या’ लावू नकोस, लोकांना वाटेल घरचं कौतुक आहे.

सुलूआत्या


उज्जैन
ता. १ मार्च १९९८

चि. सुहास,

आशीर्वाद. शिवरात्रीची गर्दी ओसरली, रिक्षावाले पुन्हा माणसासारखे बोलायला लागले.

तू लिहिलंस, “आत्या, सात पाठवल्या होत्या, तू सहाच लिहिल्यास.” हिशेबाला पक्का आहेस, अगदी तुझ्या बापासारखा. बरं, ऐक सातवीचं. तिलाही मी सोडणार नाही.

विहीर खणणाऱ्याच्या घरची गोष्ट आहे. दार करकरत नाही, कुणी किंचाळत नाही, तेवढं पुण्य. वाचणारी बाई बरी वाचते. ‘ष’ नीट म्हणते, हल्ली पुण्यातही तो कुणाला येत नाही. पण हिला मधेच थांबायची खोड आहे. वाक्य चाललंय, ‘म्हातारीनं दोर सोडला आणि’... गप्प. मला वाटलं वीज गेली. हात लावून बघते तर चाकं फिरताहेत. दोन श्वास गेले, मग ‘बादली पाण्याला टेकली’. पुढे पुन्हा असंच, वाक्याच्या पोटात. तुमच्या कंपनीत ऐकून घ्यायला कुणी बसतं की नाही? एवढी यंत्रं आणलीत, फीत कापायची कात्री नाही का? चार रुपयांच्या पेनाला टोपण असतं आणि तुमच्या कॅसेटीला शहाणा माणूस नाही.

असं मी पहिल्या दिवशी पुटपुटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी थांबण्यामधलं अंतर बोटांवर धरलं. सुहास, ते सारखं आहे. सोळा पानं वाचायला लागतात तेवढं.

तुला हे ठाऊक नसेल, तू तेव्हा पुण्यात गोट्या खेळत होतास. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात, आणि फर्मा सुरू होतो त्या पानाच्या तळाशी बारीकसा आकडा असतो. जुनं पुस्तक बांधायला आलं की मी ते उसवून फर्मे सुटे करायची. माझे दोन्ही हात शिवणीत, म्हणून आमची मुक्ता समोर बसून वाचायची. एक फर्मा वाचून झाला की माझ्या हातात द्यायची आणि थांबायची. वाक्य अर्धं असलं तरी थांबायची. मी तो चौकटीवर बसवून पहिला टाका घातला की ‘हं’ म्हणायची, मग ती पुढचा फर्मा उचलायची. सात वर्षांची होती तेव्हापासून एकोणिसाची होईपर्यंत. इतिहास, भूगोल, कादंबऱ्या, महसुलाचे कायदे, जे बांधायला येईल ते. मला जे काही येतं ते तिच्या तोंडून आलेलं आहे.

पल्लवीनं डबीवरचा कागद वाचला. वाचणारीचं नाव त्यावर नाही. तू मुद्दाम नाव नसलेली डबी पाठवलीस, की तिनंच सांगितलं नाव नको म्हणून, ते मी विचारत नाही.

माझ्याकडे दिवाळीला तिचं कार्ड येतं. चार ओळी. ‘तब्येत जपावी. आपण डॉक्टरांकडे जाऊन यावे.’ पोटची पोर आईला ‘आपण’ लिहिते. एवढा मान मला कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनंही दिला नाही.

आवाजात थोडी खरखर वाटली. फाल्गुनात तिचा घसा बसतो. ज्येष्ठमध देत जा. माझं नाव सांगू नकोस.

आत्या


उज्जैन
ता. २९ मार्च १९९८

चि. मुक्ता,

हे पत्र सुहासच्या पाकिटात घालते आहे. माझा पत्ता बघून तू ते बाजूला ठेवशील अशी भीती वाटते. काल पाडवा झाला. गुढीला गाठी शेजारच्या रमेशनं आणून दिली.

माझा चष्मा कुठेही दुरुस्तीला नाही. दुकानदार तरी काय दुरुस्त करणार? डाव्या डोळ्यानं दीड वर्षापूर्वी राम म्हटला, उजव्यानं दिवस आणि दिवा एवढं कळतं. काचबिंदू आहे, पुन्हा उजेड यायचा नाही असं इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं. पुठ्ठ्याची पट्टी कागदावर धरून, तिच्या कडेनं लिहिते आहे. कळवळा यावा म्हणून लिहीत नाही. पुढे जे लिहायचंय ते दुसऱ्याकडून लिहून घेववत नव्हतं, आणि ओळीवर ओळ चढून चालणार नव्हतं, म्हणून पट्टी घेतली.

चौऱ्याऐंशी साली तू विचारलंस, “आई, इंदूरच्या रेडिओवरून पत्र आलं होतं का?” मी नाही म्हणाले. तू पुन्हा विचारलंस, तर मी महाकाळाची शपथ घेतली. तुझ्या हातात त्यांचं दुसरं पत्र होतं, आवाजाच्या परीक्षेला तू गैरहजर राहिलीस असं सांगणारं. तू माझ्याकडे बघितलंस. महिन्याभरात पुण्याला मामाकडे निघून गेलीस.

पत्र आलं होतं. त्या दिवशी खळ शिजत होती आणि महसुली कायद्याचं एक जाडजूड पुस्तक शिवून तयार होतं. पाठीला चिकटवायला कागदाची पट्टी हवी होती. मी पत्र उभं फाडलं आणि लावलं. वरून लाल कापड चढवलं. हे पुस्तक कधी कुणी उघडणार नाही असा माझा अंदाज होता, तो खरा ठरला.

लोकांना मी सांगत राहिले, वाचून का कुणाचं पोट भरतं, पोरीची जात, इंदूरला एकटी कुठे राहणार. सगळं खोटं. त्या सिंहवाल्या माणसासारखंच मी आरशात बघून रोज म्हणत होते, की पोरीचं भलं केलं. खरं एवढंच होतं की तू तिकडे सगळ्या माळव्याला वाचून दाखवायला गेलीस तर मला कोण वाचून दाखवणार? तिसरी शिकलेल्या बाईनं आपल्या चैनीसाठी पोरीचा आवाज खळीत बुडवला. सुहासच्या रहस्यकथांना मी नावं ठेवली. त्यातला खुनी निदान शेवटी सापडतो तरी.

गेल्या मंगळवारी रमेशचा हात धरून लायब्ररीत गेले. तिथले श्रीपाद ग्रंथपाल म्हणाले, “मावशी, कम्प्यूटर लावायचाय, जुनी पुस्तकं कबाड्याकडे चाललीत. एक घेऊन काय करणार?” मी खाली बसून ढिगात हात घातला. माझी गाठ डाव्या हाताची असते, उज्जैनमध्ये दुसऱ्या कुणाची नाही. तासाभरानं बोटाला लागली. रमेश शेजारी बसून महसुली कायद्याची लाल पाठीची पुस्तकं तेवढी पुढे करत होता. त्याच्या झाबुआच्या बदलीचा हुकूम आलाय, तरी बँकेतल्या त्या साहेबाबद्दल वाकडं बोलत नाही. मी इतकी टिंगल केली त्याची, आणि धावत मात्र तोच येतो.

पुस्तक घरी आणलं. ओलं फडकं पाठीवर ठेवून दिवसभर थांबले, मग नखानं पट्टी सोडवली. खळीत मोरचूद घालायची माझी सवय तुला आठवते ना? किडीनं तोंड लावलेलं नाही. अख्खी निघाली. दुसऱ्या दिवशी श्रीपादांकडे नेली आणि वाचा म्हटलं. त्यांनी हळू वाचलं, “कुमारी मुक्ता... स्वर-परीक्षा हेतु... उपस्थित हों।” अर्धंच आहे, उरलेलं अर्धं मी चुलीत घातलं होतं.

ते म्हणाले, “मावशी, मुक्ता कोण?”

मी म्हटलं, “जिनं ही सगळी पुस्तकं वाचली ती.”

ती पट्टी या पत्राबरोबर आहे. पिवळी पडलीय म्हणतात, सांभाळून उलगड. फाडून टाकलीस तरी मी काही म्हणणार नाही, आधी मीच फाडली आहे.

माफ कर असं लिहायला पुठ्ठ्याची पट्टी दोनदा सरकवली आणि दोनदा उचलली. मागायचं तोंड नाही. सांगायचं होतं ते असं, की तुझी कॅसेट मी रोज सकाळी लावते. म्हातारी दोर सोडते आणि तू थांबतेस. चौदा वर्षं माझ्यापासून लांब राहूनही ती थांब तुझ्या गळ्यातून गेली नाही, आणि कंपनीला कापता आली असती ती तू कापू दिली नाहीस, असं मी धरून चालले आहे. चुकत असेन तर चुकू दे. माझे हात आता रिकामे असतात, सुईत दोरा ओवता येत नाही. तरी तू थांबलीस की बोटं आपोआप टाका घालतात आणि मी मशीनसमोर बोलते. रमेशनं एकदा दारातून ऐकलं. त्याला वाटलं मी त्याला काही म्हणाले.

तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहून पाठवते.

हं. वाच पुढे.

आई