मामांनी दुरुस्त केलेलं दार

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार (हेडफोन गळ्यातून काढून ठेवलाय, त्यामुळे या वेळी नीट वाकता आलं).

तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला? उभं राहून रंधा मारू नका असं सांगणाऱ्या डॉक्टरांचीच खुर्ची तुम्ही उलटी करून तिचा डुगडुगणारा पाय तपासलात, असं मामींनी आईला सांगितलं आणि आईने मला. म्हणजे कंबर ठणठणीत आहे असं धरून चालते. मी बरी आहे. जेवते वेळेवर, झोपते वर्गात. हे पत्र मावशीच्या घरी, तिच्या कापायच्या टेबलावर बसून लिहिते आहे. ती दोरे आणायला गेली आहे आणि ती परत यायच्या आत मला हे संपवायचं आहे. फोन केला असता, पण मावशीच्या घरातून फोनवर बोललेलं अख्ख्या जिन्याला ऐकू जातं. असो. नमनालाच घडाभर तेल झालं (तेलाचा विषय पुढे येणारच आहे).

तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्या वर्षाला सहा मिनिटांची एक फिल्म करून द्यायची होती आणि त्यात आवाज आणि जागा ही दोन्ही खाती माझ्याकडे होती. गोष्ट अशी की एक म्हातारा कित्येक वर्षांनी घरी येतो, दार उघडतो, आत कोणी नाही. संपली गोष्ट. संवाद एकही नाही. आमचा दिग्दर्शक (वय बावीस, दाढी चाळिशीतली) म्हणाला की या फिल्ममध्ये दारच बोलणार आहे, आणि हे एक वाक्य त्याने आम्हाला चार तास समजावून सांगितलं. थोडक्यात, मला एक करकरणारं दार हवं होतं आणि ते करकरणं हंसरांना पसंत पडायला हवं होतं. हंसर म्हणजे आमचे आवाजाचे मास्तर. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण काम पसंत पडलं तर ते फक्त ‘हं’ म्हणतात आणि नापसंत पडलं तर तेवढंही म्हणत नाहीत. त्यांचा हं मिळाला नाही तर वर्ष पुन्हा करायचं. आधीच्या दोन कामांना मला तो मिळालेला नव्हता.

मग मी दारं शोधत फिरले. अनोळखी माणसांची दारं उघडून मिटून बघणाऱ्या मुलीकडे लोक कसे बघतात हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही तेच करता. पण तुमच्या हातात पटाशी असते, त्यामुळे तुम्ही कारागीर ठरता. माझ्या हातात लांब दांडीवर केसाळ माईक होता, त्यामुळे मी काय ठरले कोण जाणे. वाचनालयाचं दार चांगलं कण्हत होतं, पण ग्रंथपाल बाई दर वेळी त्याच्याहून मोठ्याने ‘शूऽऽ’ करायच्या. दाताच्या डॉक्टरांचं दार तर अप्रतिम. तिथे मी नऊ वेळा आवाज घेतला. दहाव्या वेळी डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, बाई, तुमच्या एकेका करकरीला माझा एकेक पेशंट उठून जातोय. बघते तर बाकावर खरंच एकच आजोबा उरले होते, आणि त्यांना ऐकू कमी येत होतं.

आणि एके दिवशी ब्लाउज सैल करून घ्यायला मावशीकडे आले, दार ढकललं, आणि जागच्या जागी उभी राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मामा, तो आवाज तुम्हाला माहीत आहे. आधी खालून बारीक सुरू व्हायचा, मध्ये जरा थांबायचा, आणि दार भिंतीला टेकता टेकता नाकातून तक्रार केल्यासारखा वर जायचा. अकरा वर्षं तुम्ही इथे जेव्हा जेव्हा आलात तेव्हा त्या दाराकडे बघून दात खाल्लेत. खिडकीची कडी लावून दिलीत, कपाटाची फळी बदललीत, या टेबलाचा पाय बसवलात, पण दाराला हात लावायला निघालात की मावशी म्हणायची, आज राहू दे, पुढच्या खेपेला कर. तुम्ही आईजवळ कुरकुर केलीत की सुताराच्या बहिणीचं दार वाजतं, लोक काय म्हणतील. मी मात्र त्या दारापुढे लोटांगण घालायची बाकी होते.

लगेच आवाज घेतला. आता यात एक भानगड अशी की मावशी दाराकडे पाठ करून शिवायला बसते (उजेड खिडकीतून येतो म्हणून), आणि दार वाजलं की मान न वळवता विचारते, ‘कोण?’ गिऱ्हाईक असो, शेजारीण असो, वारा असो, कोण. मी सात वेळा दार उघडलं आणि सातही वेळा करकरीच्या शेपटाला तो ‘कोण?’ चिकटला. तिला म्हटलं, मावशी, मीच आहे, तू बोलू नकोस. तिने शपथ घेतली, तोंडावर हात ठेवला, आणि हाताच्या आडून म्हणाली, ‘कोण?’ मग स्वतःच म्हणाली, ‘अगं बाई, तूच ना!’ हंसरांना तसंच ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, हं. मामा, मी जिन्यात जाऊन रडले. मग त्यांनी मला परत बोलावून सांगितलं की दार ठेवा, बाई काढा. ठरलं, शूटिंगच्या दिवशी मावशीला बाहेर पाठवायचं आणि नुसतं दार पुन्हा घ्यायचं.

आणि याच आनंदात मी तुम्हाला फोन केला. चूक झाली असेल तर ती इथे झाली, आणि ती माझी. आमच्या फिल्मचा हिरो मावशीचं दार आहे, असं मी सुताराला सांगितलं. हिरो म्हटल्यावर तुम्ही काय करणार? तुम्ही पहाटेची पहिली गाडी धरलीत. मावशी बटणं आणायला गेली होती, तेवढ्यात दार खांद्यावर घेऊन खाली उतरवलंत, खालची कड रंध्याने तासलीत, नव्या बिजागऱ्या बसवल्यात, तेल दिलंत, वर पॉलिशचे दोन हात मारलेत. मावशी आली तेव्हा तुम्ही हात पुसत होतात. चहा घेतलात, आता पंधरा वर्षं या दाराकडे बघायला नको म्हणालात, आणि काम खोळंबलंय म्हणून दुपारच्या गाडीने परत गेलात. तुमचं ते पंधरा वर्षांचं वाक्य मावशीने मला मागाहून दोनदा सांगितलं.

शूटिंगला आम्ही सहा जण, एक कॅमेरा, आणि म्हाताऱ्याचं काम करणारे निवृत्त पोस्टमास्तर. आम्ही पोचलो तेव्हा दार सताड उघडंच होतं, त्यामुळे कॅमेरा लावायच्या गडबडीत कोणालाच काही कळलं नव्हतं. सगळे श्वास रोखून उभे. पोस्टमास्तरांनी थरथरत्या हाताने दार ढकललं. लोण्यातून सुरी जावी तसं दार उघडलं. चूं नाही की चां नाही. दिग्दर्शकाने आपला हेडफोन काढून झटकला, मग माझा काढून झटकला. पोस्टमास्तरांनी नम्रपणे विचारलं की मी आत आलो का, की पुन्हा येऊ? माझ्या तोंडचं पाणी पळालं. शनिवार होता आणि सोमवारी फिल्म द्यायची होती.

मग दोन दिवस मी करकर तयार करायला बसले. वेताची खुर्ची पिळली, जुने बूट वाकवले, दिग्दर्शकाचा कातडी पट्टा ओल्या दोरीवर घासला (विजार एका हाताने धरून तो सूचना देत होता). एकेक आवाज हंसरांना नेऊन ऐकवला. ते म्हणाले, ही खुर्ची आहे. हा बूट आहे. हा पट्टा आहे. हॉस्टेलच्या माझ्या पलंगाचा आवाज ऐकवला तर म्हणाले, हा पलंग आहे आणि तुमची झोप होत नाही. इतकं ते वर्षभरात बोलले नव्हते.

शेवटी नाक दाबल्यावर तोंड उघडतं तसं मी सोमवारी सकाळी तोच पहिला आवाज लावला, मावशीसकट. दिग्दर्शक भडकला, संवाद नसलेल्या फिल्ममध्ये संवाद घुसवलास म्हणून माझ्याशी बोलेनासा झाला. आणि अंधार करून फिल्म लावली. म्हातारा दार ढकलतो, दार करकरतं, आणि त्या रिकाम्या घरातून हळूच येतं, ‘कोण?’ मामा, माझ्याच अंगावर काटा आला. पोस्टमास्तर रुमाल शोधायला लागले. हंसरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, हं. आणि जाता जाता मला विचारलं, त्या बाई बऱ्या आहेत ना? मी पास झाले. दिग्दर्शक आता सगळ्यांना सांगत फिरतो की हे मुळातच त्याच्या डोक्यात होतं.

तेव्हा तुमच्यावर माझा कणभरही राग नाही. तुम्ही दार दुरुस्त केलं नसतंत तर मी मावशीचा ‘कोण?’ असलेला तो आवाज फेकूनच दिला असता. मामींना नमस्कार, कंबरेला जपा.

तुमची लाडकी भाची, भोंगा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. दार पुन्हा बिघडवून द्याल का? फिल्मसाठी नाही, ती झाली. मावशीला आता कोण आलं ते कळत नाही. गिऱ्हाईक एकदम पाठीशी उभं राहतं आणि ती दचकते. परवा सुई बोटात गेली. म्हणून तिने मशीनच फिरवून दाराकडे तोंड केलंय. आता उजेड मागून येतो आणि शिवणीवर तिचीच सावली पडते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाही. विचारलं की म्हणते, दार छान झालंय. चाळीस वर्षं तुम्ही वस्तू नीट केल्यात, एक बिघडवायला जड जाऊ नये.

आणखी एक ता. क. येताना तेलाचा डबाही आणा. हॉस्टेलचं माझ्या खोलीचं दार भयंकर वाजतं आणि खोलीतल्या मुलीने तुमची कीर्ती ऐकली आहे.

शेवटचा ता. क. मामा, घात झाला. दार वाजलं नाही, त्यामुळे मावशी कधी आली आणि किती वेळ माझ्या मागे उभी राहून वाचत होती हे मला कळलंच नाही. मीच ‘कोण?’ म्हणून ओरडले. आधी तिने माझ्या अक्षराला नावं ठेवली, मग माझ्या हातातलं पेन घेतलं. पुढच्या ओळी तिच्या आहेत.

दादा, दार झकास झालं आहे, पोरीचं मनावर घेऊ नकोस. पण खिडकी झाली, कपाट झालं, टेबल झालं, ते एकच मी अकरा वर्षं पुरवून ठेवलं होतं, आणि तू ते दोन तासांत संपवून गेलास. आता ये आणि बिघडव. एकदम बिघडवू नकोस. थोडं थोडं बिघडव, चार-पाच खेपा तरी झाल्या पाहिजेत.