आक्काच्या गोष्टीचा शेवट

ता. २ फेब्रुवारी, सोमवार

आज अनूनं बातमी आणली. वाचनालयाच्या वरच्या हॉलात शनिवारी सं. ६ ला पाच लेखक आपापलं लिहिलेलं वाचणार, त्यात पाचवी आमची अनू. माझी नात! कॉलेजात शिकवती ते ठीक, पण लेखक! मी चौथीत शाळा सोडली तवा गुरुजी म्हणालेले, अक्षर बरं हाय पोरीचं. आमच्या घराण्यातलं लिहिणं तेवढंच.

सुनेला म्हटलं, सविता, शिरा कर. "आत्ती, डॉक्टरनं काय सांगितलंय साखरंचं?" म्हटलं, डॉक्टरला बी दे थोडा.

शिरा खाताना अनू हळूच म्हणाली, "आजी, मी आक्काआजीची म्हशीची गोष्ट वाचणाराय. तिच्याकडनंच ऐकून आले. तिलाबी बोलावलंय."

शिऱ्याची बशी मी बाजूला सारली.

ता. ३, मंगळवार

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. हातकणंगल्याला दिलेली. सहा वर्षं आम्ही बोलत न्हाई. आई गेली तवा आक्का उशाशी होती आणि मला निरोप धाडला न्हाई. मी पोचलो तवर सगळं उरकलेलं. तेराव्याला मी चार माणसांत बोललो, "आई काय तुझ्या एकटीची होती?" आक्का भरल्या पानावरनं उठली. तिथनं पुढं लग्नाकार्यात बी पाठीला पाठ.

पण गोष्ट निघाली की माहेर आठवतंच. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं रान. भुईमूग उपटला की आम्ही दोघी शेंगा तोडायला. आक्का गोष्ट सांगायची, मी हं म्हणायचं. हं थांबला की गोष्ट थांबली, असा कायदा. मी निम्म्या शेंगा तोंडात घालायचो, मग हं कुठनं निघणार? डोक्यात टपली बसायची. "म्हण की हं!"

म्हशीची गोष्ट म्हणजे, एका सुनेची म्हैस गोष्ट ऐकल्याबिगर धारच द्यायची न्हाई. एक दिवस सुनेच्या गोष्टी संपल्या. पुढचं आक्कानं कधीच सांगितलं न्हाई. शेंगा संपायच्या, न्हाईतर आई हाक मारायची. आईची हाक अशी की पलीकडच्या शिवारातली माणसं बी जेवायला निघायची. कुठलं कुठं गेलो मी.

ता. ५, गुरुवार

अनू आरशापुढं वाचून बघती. दोन ओळी झाल्या की आवाज अडकतो. पोरींना शिकवताना अडकत न्हाई, हितंच काय होतं कुणास ठाऊक.

आक्काला फोन केल्ता तिनं. म्हणाली म्हणे, "गुडघा बरा असला तर बघू." गुडघा! मला म्हाईत हाय तो गुडघा.

यावं असं वाटतंय. न्हाई बी वाटतंय. अंजिरी लुगडं काढून ठेवलं.

ता. ८, रविवार

काल झालं ते आज लिहितो, काल हात चालला न्हाई.

हॉल भरलेला. आम्ही पुढं. मी तीनदा मागं बघितलं, आक्का न्हाई. बरं झालं म्हटलं, पण बरं वाटलं न्हाई.

पहिला पोरगा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. मनगटाला भाजल्याचा डाग. भट्टीवरची कविता वाचली, ती मला समदी कळली, डोळं भरलं. दुसऱ्यानं काय वाचलं ते त्यालाच ठावं, पण आवाज ग्वाड. तिसऱ्या बाईंनी सासूवर असं काय लिहिलेलं की सविता पोट धरून हसाय लागली. मी बघून ठेवलंय. चौथा थांबंना, चिठ्ठी दिली तरी थांबंना.

मग अनू. पहिली ओळ वाचली आणि आवाज गेला. पाणी प्याली. पुन्हा तेच. सविता पदर चावालीय. आणि माझ्या तोंडातनं गेलं, "हं."

चांगलं मोठ्यानं. शेजारचा जाकिटवाला वळला, "आजी, शांत बसा."

"आवो पावणं, हं म्हटल्याबिगर गोष्ट चालती व्हय?"

अनू हसली, आणि सुटली की पोरगी! मी हं म्हणतोय, ती वाचतीय. मागच्या दोन बाया बी हं म्हणाय लागल्या. शेवटी जाकिटवाला बी. खोटं न्हाई.

अनूनं शेवट असा केलेला की सुनेच्या गोष्टी संपल्यावर म्हशीनंच तिला गोष्ट सांगितली. टाळ्या पडाय लागल्या आणि दाराकडनं आवाज आला, "तसं न्हाई त्ये, अनू!"

तो आवाज मी झोपेत बी वळकीन. दाराजवळच्या खुर्चीत आक्का, हातात काठी. कवा आली कळलंच न्हाई.

मी उठलो. "मग कसं हाय? सांग की! साठ वर्षं झाली, अजून शेवट सांगितला न्हाईस!"

सहा वर्षांनी बोललो ते असं. अख्ख्या हॉलापुढं, भांडल्यागत.

कुणीतरी माईक नेऊन दिला. "हे लांब धर," म्हणाली. मग सांगितलं. "सुनेच्या गोष्टी संपल्या. तवा तिनं आपल्या घरातलं खरं सांगाय घेतलं. कुणाला सांगितलं न्हवतं, त्ये. मग म्हशीनं धार दिली."

"हं. काय खरं?"

आक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "ते हितं माईकवर सांगायचं न्हाई."

हॉल हसला. मी न्हाई हसलो. तिच्या बी तोंडावर हसू न्हवतं.

खाली चहा होता. गर्दीतनं गाठंपर्यंत तिच्या ल्योकानं तिला गाडीत बसवलेलं. लांब जायचंय म्हणे. हातकणंगलं काय दिल्लीला हाय?

ता. १०, मंगळवार

अनू नुसती नाचतीय, तिला अजून फोन येत्यात. मी बी फोन आला की म्हणतो, व्हय व्हय, मीच ती हं म्हणणारी.

पण मनात आक्काचं ते 'खरं' फिरतंय. आईनंच नको म्हटलं असलं तर? "धाकटीला बोलवू नगा" म्हणाली असली तर? शेवटच्या वर्षात मी दोनदाच गेल्तो. आधी सविताचं आपरेशन, मग माझा मोतीबिंदू. कारणं खरी होती. पण दोनदाच.

ऐकावं का न्हाई? तेराव्याला तोंड सोडायच्या आधी विचारलं असतं तर...

दु. आक्काचा फोन. मीच उचलला. "गुरुवारी घरात कुणी न्हाई," म्हणाली आणि ठेवला.

ता. १२, गुरुवार

हातकणंगले. सकाळच्या पॅसिंजरनं आलो. अनू गाडीनं सोडते म्हणत होती, नको म्हटलं. हल्ली विसराय होतं, म्हणून वही पिशवीत आणली. आक्का काय सांगंल ते तसंच लिहून ठेवायचं.

दारात म्हणाली, "आलीस व्हय." लई थकलीय. केस पार आईगत झाल्यात, पांढरे आणि विरळ. मागनं बघितलं तर आईच.

चहा ठेवाय आत गेलीय, मी पुढच्या सोप्यात बसून लिहितोय.

आली. बशीत चहा ओतला, बशी माझ्याकडं सरकवली.

"काय लिवालीस गं?"

"काय न्हाई."

"ठेव ती वही बाजूला. मग सांगतो."

ठेवतो.